दाताखालची माती

अण्णांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. ‘बरं.’

चहा घेणार का? बरं. थंडी वाजते का? बरं. पंखा बंद करू? बरं. चालूच ठेवू? तेही बरंच. मानेनं सांगा म्हणावं तर मानही होकाराचीच हलायची. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना सगळं कळतं, पण हो आणि नाही यांची आत सरमिसळ झाली आहे, मनात असतं एक आणि तोंडापर्यंत येता येता त्याचं दुसरंच होतं. ते ऐकून त्यांच्या मुलीला, बारकीला, वाटलं, नुसते मुके झाले असते तरी परवडलं असतं. निदान होकार दिलाय असं कुणाला वाटलं नसतं.

एके काळी हा माणूस पक्का बोलघेवडा होता. अण्णा गवंडी. भिंत हातभर चढायची तोवर त्यांच्या चार गोष्टी सांगून व्हायच्या. घरमालकाला सल्ला, बिगाऱ्याला शिव्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामकहाणी, आणि स्वतःची स्तुती तर तोंडी लावायला असायचीच. ‘मी बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावायचा नसतो, भिंत बघून ओळंबा दुरुस्त करायचा असतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण सही मात्र करायचे. मुलीच्या पाटीवर गिरवून, मुलीकडूनच शिकले होते, आणि त्या वाकड्यातिकड्या सहीचा त्यांना भिंतीपेक्षाही जास्त अभिमान होता. अंगठा लावणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. म्हणायचे, ‘अंगठा काय, झोपलेल्या माणसाचाही घेता येतो.’

मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला वस्तरा पडला. उजवी बाजू गेली आणि बोलणं तिच्या पाठोपाठ गेलं. पाय पुढे काठीच्या आधारानं थोडाफार वळणावर आला, हात मात्र आला नाही. दवाखान्यातून सुटताना तिथली बाई म्हणाली, ‘कागदावर आजोबांचा डावा अंगठा घ्या.’ मुलानं हात धरला, तर अण्णांनी अशी मूठ आवळली की दोघातिघांना ती उघडता आली नाही. शेवटी मुलाच्याच सहीवर भागवलं.

तो मुलगा म्हणजे दादा, आणि बारकी ही त्याच्या पाठची. बारकी आता चाळिशी ओलांडलेली, चांगली अंगानं भरलेली बाई होती, पण लहानपणीचं नाव चिकटलं की मापं बदलली तरी ते बदलत नाही. ती शिवणकाम करायची. खाली रस्त्याला लागून दुकान, वर दोन खोल्या, आणि मध्ये असा उभा जिना की वर आलेला पाहुणा बोलण्याआधी पाणी मागायचा. अण्णांना तो चढणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांची खाट दुकानातच, कपाटाआड पडदा लावून टाकली होती. गिऱ्हाईक कपडे घालून आरशासमोर उभं राहायचं, विचारायचं, ‘खांद्यावर जरा ढगळ झालाय का हो?’ आणि पडद्यामागून गंभीर आवाजात उत्तर यायचं, ‘बरं.’ काही जण हसायचे. काही पुन्हा आले नाहीत.

दादा दुसऱ्या शहरात राहायचा. काँक्रीट कालवणारा तो मोठा पिंपाचा ट्रक चालवायचा. सुट्टी मिळाली की येऊन जायचा, आणि आला की पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उतरायचा.

“बारके, हे काही खरं नाही,” एकदा तो म्हणाला. “जन्मभर मोकळ्यावर काम केलेला माणूस, आणि आपण त्याला कपाटामागे ठेवलाय. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे.”

“लिफ्टनं वर जातील. मग खाली कशाला येतील? तिथं ओळखीचं कोण आहे?”

“आणि इथं काय आहे? पडदा.”

ते खरं होतं.

“असं करू, त्यांनाच विचारू,” दादा म्हणाला आणि खाटेच्या कडेला बसला. “अण्णा, माझ्याकडे येता ना राहायला?”

“बरं.”

“की इथंच राहायचंय?” बारकीनं घाईनं विचारलं.

“बरं,” अण्णा म्हणाले.

बारकीला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगायला हवं. तिला अण्णा हवे होते. आई गेली तेव्हा ती मोठ्या आजारपणात शेवटचे काही महिने दादाकडे होती, आणि बारकी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुन्हा एकदा कुणाला तरी गाडीत बसवून निरोप द्यायचा आणि मग फोनची वाट बघत बसायचं, हे तिला नको होतं. पण आपल्याला हवेत म्हणून त्यांना पडद्यामागे ठेवायचं, हेही तिच्या मनाला पटत नव्हतं. आणि त्यांना स्वतःला काय हवंय, हे तर देवच जाणे.

“मागच्या अंगणात खोली बांधते,” ती म्हणाली. “जमिनीवर. पायरीसुद्धा नाही ठेवायची.”

“कशाची बांधतेस?”

“विटांची. मागे माती पडलीये ढीगभर. आपलं पहिलं घर आई-अण्णांनी स्वतः विटा पाडूनच बांधलं होतं ना?”

“ते अण्णा होते. तुला कात्री धरता येते बारके, फावडं नाही.”

“माती काय चावते का मला?”

दादा हसला. मनानं तो वाईट नव्हता, फक्त आपण थोरले आहोत हे त्याला कधी विसरता यायचं नाही. “ठीक आहे. पोरांच्या परीक्षा संपल्या की गाडी घेऊन येतो. तोवर तुझ्या विटा भाजून निघाल्या असतील, तर भिंती मी चढवून देईन. अण्णांच्या हाताखाली खूप मार खाऊन शिकलोय, अजून विसरलो नाही. आणि विटा नसतील, तर अण्णा माझ्याबरोबर येतील. मग रडायचं नाही.”

“नाही रडणार,” बारकी म्हणाली.

कामाला लागल्यावर तिला कळलं की माती चावत नाही, पण कंबर मोडते. बारकीचा नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. बोलणं कमी, काम जास्त. त्यानं सुट्टीच्या दिवशी अंगणाच्या सखल कोपऱ्यात खड्डा घेतला. वरची काळी, मुळ्यांनी भरलेली माती बाजूला काढली, तशी खाली पिवळसर चिकणमाती लागली. बारकीनं तिच्यावर पाणी मारून हात फिरवला. कापडाचं तिला फार कळायचं. डोळे मिटून नुसतं चिमटीत धरलं तरी सूत कुठल्या जातीचं ते सांगायची. ही माती तिच्या हाताला साटीनसारखी लागली. “अशी गुळगुळीत माती शोधून मिळायची नाही,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि त्यानं नेहमीप्रमाणे मान डोलावली.

माती रात्रभर भिजवायची, सकाळी पायांनी तुडवायची, थोडी वाळू आणि भुसा घालायचा, पुन्हा तुडवायची. मग लाकडी साचा ओला करून, आत कोरडी वाळू भुरभुरून, मातीचा गोळा जोरानं आपटायचा, वरून फळीनं निपटायचं आणि साचा सरळ वर उचलायचा. पहिल्या विटा अशा निघाल्या की त्यांना वीट म्हणायला जीभ धजेना. पण हळूहळू कोपरे येऊ लागले. दुकान सकाळी उशिरा उघडायचं आणि संध्याकाळी लवकर मिटायचं. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका बाईला तिच्या कपड्याच्या घडीत वाळलेला चिखल सापडला. बारकीनं तो झटकला आणि शिलाई निम्मी केली.

अण्णांना ती रोज मागच्या दारात खुर्ची टाकून बसवायची. त्यांना बरं वाटेल, असा तिचा अंदाज होता. पहिल्या दिवशी ते नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी उठले, काठी टेकत ढिगापाशी आले, डाव्या हातानं मातीची चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. मग थू करून थुंकले.

शेजारी इस्त्रीवाल्या काकू होत्या. कुंपणापलीकडे त्यांची धुतलेल्या कपड्यांची दोरी, आणि दोरीआडून त्यांना दिसायचं नाही असं काही नव्हतं. “अगं बारके, अण्णा माती खाताहेत,” त्या म्हणाल्या. “या वयात लहान मुलासारखं होतं माणसाचं. जप बाई.”

बारकीनं पदर ओला करून त्यांचं तोंड पुसायला घेतलं, तर अण्णांनी तिचा हात झटकला. तिच्याकडे बघून “बरं, बरं, बरं,” असं मोठ्यानं म्हणाले आणि पुन्हा मातीकडे हात नेला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर कळसच झाला. बारकी साचा धुवायला वळली तेवढ्यात अण्णांनी काठी उचलली आणि वाळत घातलेल्या ओल्या विटांची एक अख्खी ओळ ढकलून, चेपून टाकली.

बारकी आजवर बापाला कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. “नको असेल खोली तर तसं करा ना काहीतरी, मला कळेल असं. जायचं असेल दादाकडे तर जा. माझ्या कंबरेचा तरी विचार करा.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांचा डोळा भरून आला. बारकीनं तिकडे पाहिलं नाही. ती मोडलेल्या विटांचा चिखल गोळा करत राहिली आणि त्यात तिचंही थोडं पाणी पडलं. रडणार नाही असं सांगून बसली होती, पण दादा काही तिथं बघायला नव्हता.

पुढच्या खेपेला मात्र तो होता. नेमका दादा दारात आणि अण्णांच्या ओठांवर पिवळी माती. त्यानं खाली बसून त्यांची चूळ भरवली, हनुवटी पुसली, मग बहिणीला बाजूला घेतलं. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

“आता हट्ट पुरे. डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या. तू मशीनवर असतेस, यांच्यावर नजर कोण ठेवणार? परीक्षा संपू दे पोरांच्या, मी घेऊन जातो.”

“विटांचं ठरलंय आपलं,” बारकी म्हणाली.

“विटांचं काय घेऊन बसलीस. ते माती खाताहेत, बारके.”

तो गेल्यावर तिनं तिरीमिरीतच पहिली भट्टी लावली. लहानशीच. विटा मध्ये बोटाएवढी फट सोडून रचल्या, खाली जाळाला बोगदे ठेवले, सगळ्याला बाहेरून चिखलाचा लेप दिला आणि नवऱ्यानं डेपोतून आणलेली मोडक्या खोक्यांची लाकडं घातली. भट्टी निवून उघडली तेव्हा आत लालभडक विटा होत्या. एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजत होत्या. बारकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिनं त्यातली एक धुऊन पुसून दुकानात कापड बेतायच्या टेबलावर ठेवली आणि पडदा सारला. “बघा अण्णा. तुमच्या तोडीची आहे की नाही?”

अण्णांनी विटेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं. बारकीचा चेहरा पडला. नको आहे त्यांना, तिच्या मनानं घेतलं. जायचंच आहे.

मग हवा दमट झाली. एका दुपारी बारकी शिवत बसली होती आणि टक् असा आवाज आला. तिला वाटलं सुई मोडली. सुई शाबूत होती. पुन्हा टक्. टेबलावरच्या विटेचा एक टवका उडाला होता, आणि त्या खळगीत मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. ती मागे धावली. अंगणात रचलेल्या ढिगातून तसेच आवाज येत होते, कुणीतरी निवांत बसून शेंगा फोडत असावं तसे. संध्याकाळपर्यंत निम्म्या विटांची तोंडं फुटली. एक तिनं हातात घेतली तर तिचे दोन तुकडे झाले.

नवरा कामावरून आला. त्यानं एक पांढरा कण नखानं काढून पत्र्यावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. कण फुगला, तडकला, त्याचं पीठ झालं. भिंतींना द्यायचा चुना ज्यानं एकदा भिजवलाय त्याला यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

“चुनखडी,” तो म्हणाला. “मातीत बारीक खडे असणार. भाजले की त्यांचा चुना होतो. मग हवेतलं पाणी पितो, फुगतो आणि वीट आतून फोडतो.”

“पण माती गुळगुळीत होती. मी हात फिरवून बघितलीये.”

बारकी खड्ड्याशी गेली. माती घेऊन तळहातावर घासली. साटीन. बोटांत चोळली. साटीनच. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं चिमूटभर माती तोंडात टाकली आणि दात मिटले.

कच्च.

बोटांना जे कळलं नव्हतं ते दातांना लगेच कळलं. पुन्हा चावलं, पुन्हा कच्च. इस्त्रीवाल्या काकू दोरीआडून म्हणाल्या, “आता तूही?” पण बारकीला ते ऐकू आलं नाही. कापड हातानं बघतात म्हणून तिनं मातीही हातानं बघितली होती. आणि अण्णा तिला इतके दिवस, एकाच शब्दाच्या जोरावर, ओरडून सांगत होते की पोरी, माती दातांनी बघायची असते. सांगून कळेना तेव्हा, पोरीची मेहनत आणखी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी विटा मोडल्या. आणि तिनं काय केलं, तर त्यांचं तोंड पुसलं.

ती तशीच मातीच्या तोंडानं दुकानात गेली आणि खाटेशी जमिनीवर बसली.

“अण्णा, खडे आहेत. चुनखडी आहे त्यात. तेच म्हणत होता ना?”

अण्णांनी तिच्या ओठांवरची माती पाहिली. मग डाव्या हातानं तिच्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी काही चुकलं की मारायचे तशी. “बरं,” म्हणाले, आणि दोघंही रडले. चांगलं पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी बारकीनं अंगणाच्या वेगवेगळ्या जागची माती बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवली. अण्णा एकेक चिमूट चावायचे. थुंकले की ती जागा बाद. कुंपणाकडेची माती त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवली आणि “बरं” म्हणाले. तो ‘बरं’ वेगळाच होता. हो-नाहीचा घोळ जिभेवर असेल, दातांत नव्हता. तरी बारकीनं आता कानाला खडा लावला होता. तिनं पडद्यांसाठी आणलेली जाळी दुहेरी करून लाकडी चौकटीला शिवून टाकली. माती पातळ कालवायची, त्या जाळीतून गाळायची, साठलेला गाळ सुकू द्यायचा आणि मगच तुडवायची. कुणा गवंड्यानं ही युक्ती केली नसती, कारण एवढी चांगली जाळी चिखलात घालायला शिंपिणीचंच काळीज लागतं. गाळलेल्या मातीचीही चिमूट अण्णांच्या तोंडी जायची. ते चावायचे, दातांखाली काही लागत नाही म्हणून चेहऱ्यावर थोडी नाराजी यायची, आणि मग तोच खास ‘बरं’.

नवऱ्यानं एका बुटक्या स्टुलाला चाकं बसवली. बारकी विटा पाडत पुढे जायची आणि अण्णा स्टुलावर बसून, काठीनं स्वतःला रेटत, ओळीच्या कडेनं तिच्या मागून यायचे. येता येता डावा हात खाली करून वीट दाबून बघायचे. ओल किती आहे ते कळायला भट्टीवाले तसं करतातच, हे बारकीला नवऱ्यानं सांगितलं होतं. विटेवर खळगा राहायचा तेवढा तिला खटकला, पण शेवटी तो गिलाव्याखाली जाणार होता, आणि अण्णांना इतकं रमलेलं ती आजारपणानंतर पहिल्यांदाच पाहत होती. तिला फार मागे वळून बघायला वेळही नव्हता.

भट्टी पेटली तेव्हा धुरानं इस्त्रीवाल्या काकूंची दोरी काळवंडली. काकू कमरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्या आणि एक लांबलचक भाषण ऐकवून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या त्या इस्त्रीचे कोळसे पाटीत घेऊन. “घाल आत. लवकर आटपेल तर बरं,” म्हणाल्या. “आणि त्या खोलीची खिडकी माझ्या बाजूला ठेवा. अण्णांशी बोलायला सोपं पडेल. ते कधी मध्येच तोडत नाहीत.”

भट्टी विझून निवत होती तेव्हा दादा आला. छोटा टेम्पो घेऊन, मागे नवी गादी, घडीची खुर्ची, आणि वरून दोर. मातीचं सगळं तिनं त्याला फोनवर सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, ‘डोकं ठिकाणावर आहे हे ऐकून फार बरं वाटलं. पण डोकं ठिकाणावर आहे म्हणजे त्यांना तिथंच राहायचंय असं नाही ना होत.’ हेही खरंच होतं. दादाचं बोलणं खरं असायचं, हीच त्याच्याशी भांडताना मोठी अडचण होती.

त्यानं बाही सारली. “चल, उघडू तुझी भट्टी.”

दोघांनी चिखलाचं कवच फोडलं. आतून ऊब आली. दादानं वरच्या विटा काढल्या, दोन हातांत दोन घेऊन आपटल्या. खण्. एकीवर त्यानं पाणी ओतलं आणि कान लावून बसला. काही फुटलं नाही. त्यानं मान हलवली, मनापासून. “जिंकलीस बाई. भिंती माझ्याकडे लागल्या.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “पण बारके, खोली झाल्यावरही मी त्यांना एकदा विचारणार. आपण दोघंच ओढाताण करतोय. त्यांचं मन कुणाला कळलंय? आईच्या वेळीही आपण विचारलं नव्हतं.”

हाच प्रश्न बारकीलाही टोचत होता.

दादा विटा काढून रचू लागला. दोन ओळी रचल्या आणि थांबला. एक वीट उलटीसुलटी करून पाहिली, खाली ठेवली, दुसरी घेतली. तिसरी.

“हे काय आहे?”

“ते होय. अण्णा ओल बघायचे दाबून. राहू दे, गिलाव्यात जाईल.”

“ओल बघायला माणूस ओळीत दोन-चार विटा दाबतो. मी किती वेळा बघितलंय त्यांना. इथं बघ.” त्यानं ढिगावरून हात फिरवला. “ही बघ. ही. ही पण. प्रत्येकीवर आहे. आणि एकाच जागी, खालच्या उजव्या कोपऱ्यात.”

बारकी वाकली. प्रत्येक लाल विटेच्या त्याच कोपऱ्यात एक अंगठा उमटला होता. नुसता खळगा नव्हता, बारीक रेषा भाजून पक्क्या झाल्या होत्या. पाटीवर अण्णा सही करायचे तीही त्याच कोपऱ्यात, हे तिला आठवलं. तीच तर तिनं शिकवली होती, ‘सही खाली उजवीकडे करायची अण्णा, कागदात जे लिहिलंय ते आपल्याला मंजूर आहे म्हणून.’

दादा विटांच्या ढिगाशी उकिडवा बसला होता. दवाखान्यात त्यानंच ती मूठ उघडायचा प्रयत्न केला होता. त्यानं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

“अजून काय विचारायचं राहिलंय त्यांना?” थोड्या वेळानं तो म्हणाला. बारकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग तो उठला, नाक पुसलं, टेम्पोतून गादी उतरवून दुकानाच्या भिंतीला टेकवली, आणि खडूनं आखलेल्या रेषेवर, खोलीच्या कोपऱ्यात, पहिली वीट ठेवली.

मागच्या दारातून अण्णा स्टुलावर बसून रेटत रेटत आले. त्यांनी ती वीट पाहिली, डोकं एका बाजूला कललं, आणि काठी दादाच्या पोटरीवर बसली. “बरं,” ते खेकसले. “बरं, बरं, बरं.”

“शिव्या देताहेत,” दादा बहिणीला म्हणाला. त्याचे डोळे अजून ओलेच होते. “वाकडी लागली म्हणताहेत.”

त्यानं वीट उचलली आणि सरळ लावली.